पाणीमीटरच्या ‘संपूर्ण नेटवर्क सुरक्षे’च्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या सोसायटीने प्रत्येक फ्लॅटला वायरलेस पाणीमीटर बसवले, तेव्हा पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये ‘संपूर्ण नेटवर्क सुरक्षा’ या नावाखाली वेगळे वार्षिक शुल्क होते. ते भरल्यानंतर हाती आले ते एवढेच, की सगळ्या मीटरची रीडिंग गोळा करणाऱ्या गच्चीवरील गेटवेपासून सर्व्हरपर्यंतची माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, होती. मीटरपासून गेटवेपर्यंतचा टप्पा मात्र उघडा होता, आणि खरा धोका तिथेच असतो.

बॅटरीवर चालणारे हे मीटर आपले रीडिंग शेजारच्या मीटरमार्फत पुढे पाठवतात आणि त्यासाठीचा मार्ग २०१२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या आरपीएल (RPL) या प्रोटोकॉलने, म्हणजे उपकरणांमधील संवादाच्या नियमसंचाने, ठरतो. प्रत्येक मीटर गेटवेपासून आपण किती दूर आहोत हे दाखवणारी ‘रँक’ जाहीर करतो आणि कमी रँकच्या शेजाऱ्याला आपला ‘पालक’ निवडतो. संदेशांची सत्यता तपासलीच जात नसेल, तर बाहेरचे उपकरण खोटी कमी रँक जाहीर करून आसपासची रीडिंग स्वतःकडे वळवू शकते आणि हवी ती गाळू शकते. मार्गांच्या रचनेचा बनावट आवृत्ती क्रमांक पाठवून सगळे मार्ग पुन्हा पुन्हा नव्याने जुळवायला लावले, तर बॅटऱ्याही लवकर संपतात.

वरच्या मजल्यांची रीडिंग मधूनमधून गहाळ होत असल्याने एका रहिवाशाने लॅपटॉपला स्निफर, म्हणजे हवेतील रेडिओ संदेश टिपणारे उपकरण, जोडून तपासणी केली. सिग्नल लिफ्टजवळ कमजोर पडत होता, हे कारण सापडलेच. पण त्याबरोबर वायरशार्क या टिपलेले संदेश उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रँकचे संदेश सरळ वाचता येत होते आणि पाहिलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये (रेडिओ संदेशात) ‘सिक्युरिटी एनेबल्ड’ हा बिट शून्य, म्हणजे सुरक्षा बंद, होता. जाब विचारल्यावर पुरवठादाराने माहितीपत्रकातील ‘एईएस-१२८’ या कूटबद्धतेच्या पद्धतीकडे बोट दाखवले. ती सोय चिपमध्ये होती, चालू केलेली नव्हती! ती चालू करण्यासाठी त्याने पुन्हा पैसे मागितले, याला मी सरळ लबाडी म्हणतो.

असे मीटर घेणाऱ्यांनी रेडिओ टप्प्यावरील कूटबद्धता चालू आहे का, कूटबद्धतेची किल्ली (गुप्त संकेतांक) आपल्या इमारतीपुरती वेगळी आहे का आणि ती बदलायची कशी, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे, आणि शेवटचा हप्ता स्निफरवर खात्री पटल्यावरच द्यावा. सर्व मीटरना एकच किल्ली असल्यास एक मीटर उघडून ती काढणारा माणूस आतून खोटी रँक पसरवू शकतो, म्हणून मीटरची पेटी सीलबंद असण्याचाही आग्रह धरावा. आमच्या समितीने शुल्क परत मागणारी लेखी नोटीस स्निफरच्या नोंदींसह पाठवली आहे.