टर्बोचे पैसे घेतले, बसवला क्लॅम्प

बीडमधल्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून टर्बोचे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पार्टचे, २४ हजार रुपये घेतले आणि गाडीला बसवला फक्त एक क्लॅम्प, पाईप आवळायची पट्टी. डिझेल गाडी वापरत असाल तर हे वाचाच.

क्लच प्लेट गेली म्हणून गाडी त्याच्याकडे टाकली होती. काम झाल्यावर गावात ठीक चालली. मांजरसुंब्याचा घाट लागला आणि गाडी उचलच घेईना. ॲक्सिलरेटर पार दाबला तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजाराच्या वर सरकत नव्हता. मागे काळा धूर, बोनेटमधून सूंऽऽ असा आवाज, आणि ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव खाताहेत.

परत नेली. स्कॅनरवर पी०२९९ कोड आला. “मालक, टर्बो गेला. रिकंडिशन टाकू, स्वस्तात पडंल.” रिकंडिशन म्हणजे दुरुस्त केलेला जुना. दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो तेव्हा जुना टर्बो मागितला, तर म्हणे तो बदल्यात द्यावा लागतो. गाडी मात्र सुसाट पळायला लागली, मग शंका कशाला येईल?

पुढे ऑइल गळायला लागलं म्हणून अंबाजोगाईच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्याने टॉर्च मारून मलाच वाकून बघायला लावलं. टर्बोवरच्या पत्र्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, पान्याचा साधा ओरखडा नाही. “ह्याला कुणी हातच लावलेला नाही, भाऊ.” टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाईपवरचा क्लॅम्प तेवढा नवाकोरा चकाकत होता.

झालं होतं असं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणून बॅटरी, एअर फिल्टर, हवेचे पाईप काढले. बसवताना एक पाईप सैल राहिला. टर्बो हवा दाबून इंजिनाकडे पाठवतो, ती वाटेतच निसटायची. हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही, म्हणून काळा धूर. सपाटीवर हे जाणवत नाही, चढावर उघडं पडतं. पी०२९९ एवढंच सांगतो की हवेचा दाब कमी पडतोय. टर्बो मेला असं तो म्हणत नाही. खरंच गेलेल्या टर्बोच्या पात्याचा दांडा हाताला डुगडुगतो, बऱ्याचदा निळा धूर येतो, ऑइल कमी होतं. माझ्या गाडीत तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कामानंतर लगेच ताकद गेली, तर आधी जे उघडलं होतं तेच तपासायला लावा: पाईपचे जोड, त्यावरचे तेलकट डाग, सेन्सरचे प्लग. आणि काढलेला पार्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, बदल्यात जाणार असला तरी.

जाब विचारायला गेलो तर म्हणतो, “गाडी पळती ना मालक?”

ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कागद जमवतोय. अंबाजोगाईचा मिस्त्री लेखी द्यायला तयार नाही, धंद्यात वैर नको म्हणतो. बोल्टांचे फोटो मात्र त्यानेच काढून दिले.