लेझर, इंकटँक आणि चिपळूणचा पावसाळा: कागदाचा वर्षभराचा अनुभव

दुकानात दोन प्रिंटर आहेत. पाठपोट छापणारा काळा-पांढरा लेझर आणि रंगीत कामाला इंकटँक, म्हणजे टाकीत शाई भरायचा इंकजेट. मॉडेलांची तुलना इथे करत नाही, ती कुठेही वाचायला मिळते. मला लिहायचंय ते कागदाबद्दल, कारण वर्षभरात सगळ्यात जास्त मनस्ताप कागदानेच दिला. चिपळूणला तहसील कचेरीजवळ टायपिंग-झेरॉक्सचं दुकान म्हटल्यावर जुलै कसा जातो हे इकडच्यांना सांगायला नको.

जुलैतच लेझर पाठपोट काढताना अडकायला लागला. एक बाजू नीट यायची, दुसऱ्या बाजूला पान परत आत जाताना कोपरा दुमडून जाम. मधेच छपाई फिकी, ओळीतली दोन-तीन अक्षरं गायब. सर्व्हिसवाला आला, पानं काढून बघितली आणि म्हणाला, "मॅडम, फ्यूजर गेलाय, बदलावा लागेल." फ्यूजर म्हणजे शाईची पूड तापवून कागदावर पक्की बसवणारा भाग. खर्च ऐकून मी त्याच्यादेखत ५०० पानांची नवी रिम फोडली आणि तोच अर्ज पाठपोट काढत सुटले. एकही पान अडकलं नाही. तरी तो फ्यूजरवरच अडून बसला. वर तक्रार केली तर उत्तर आलं, व्हिजिट चार्ज भरावाच लागेल. भरला. फ्यूजर बदलला नाही, आणि तोच फ्यूजर आजही काम करतोय. त्या पैशांची चीड अजून गेलेली नाही.

कागद सादळला होता, दुसरं काही नाही. कागद हवेतली ओल ओढून घेतो. लेझरमध्ये टोनर, म्हणजे ती पूड, कागदावर येतो तो विजेच्या भाराने, आणि दमट कागदावर तो भार नीट टिकत नाही, म्हणून छपाई फिकी. पुढे फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. तिथे कागदातल्या ओलीची वाफ होते, पान वळतं, आणि असं वळलेलं पान दुसऱ्या बाजूसाठी परत आत गेलं की अडकलंच. छापलेल्या पानाबरोबर वाफ निघताना दिसली, तर फोन करण्याआधी रिम बदलून बघा.

म्हणून मी आता सगळ्यात आधी रिमचं वेष्टण बघते, जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) नंतर. चांगल्या वेष्टणाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कोपरा फाडला की कागद आणि पापुद्रा वेगळे दिसतात. स्वस्त रिमला नुसता छापील कागद गुंडाळलेला असतो आणि टोकाच्या घड्या डिंकाच्या एका ठिपक्यावर कशाबशा धरलेल्या. घडी सुटलेली असेल तर ती रिम मी हातातसुद्धा घेत नाही. घेतलेली रिम फोडल्यावर गठ्ठा टेबलावर ठेवून डोळ्याच्या रेषेत कडा बघते. कडा नागमोडी दिसल्या म्हणजे ओल आत शिरली. कोरडं पान हलवलं की कडकड वाजतं, दमट पान सादळलेल्या पापडासारखं गप्प. बऱ्या आणि वाईट वेष्टणाच्या रिममध्ये मला वीसेक रुपयांचा फरक पडतो. ५०० पानांत वाटला तर पानाला ४ पैसे. एका जामच्या व्हिजिट चार्जात किती रिमांचा फरक निघाला असता, हिशेब करा.

ऑगस्टमध्ये लिहायला बसले असते तर "७० जीएसएम घेऊच नका" असं ठणकावून सांगितलं असतं. सगळे जाम त्यावरच होत होते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, तेव्हा त्याच कंपनीच्या ७० च्या नव्या रिमा बिनतक्रार चालल्या. त्यामुळे मत बदललंय. एका बाजूच्या छपाईला, कच्च्या प्रतींना ७० पुरे. पाठपोटला ७५, कारण ७० वर मागची अक्षरं पुढे दिसतात. पावसाळ्यात मात्र ७५ च्या खाली जात नाही.

वेष्टणावरचा आकडा खरा का, तेही तपासता येतं. ए४ पान म्हणजे एक चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणजे ८० जीएसएमचं पान ५ ग्रॅमचं, रिम अडीच किलोची. ७५ ची साधारण २ किलो ३४० ग्रॅम, ७० ची २ किलो १९०. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मी "७५" छापलेली एक रिम ठेवली, ती वेष्टणासकट २ किलो २०० भरली. ही सरळ फसवणूक आहे. वजन कोरड्या दिवसांतच करा, पावसाळ्यात ओलीचं वजन त्यात मिसळतं आणि चोरी झाकली जाते.

टीएनपीएल कंपनीचा उसाच्या चिपाडाचा आणि ट्रायडेंट कंपनीचा गव्हाच्या काडाचा, दोन्ही कागद चालवून बघितले. लेझरला काही फरक पडला नाही. "लाकडाचाच कागद घ्या" या सल्ल्यात मला तथ्य दिसलं नाही.

जाड कागदाचं वेगळं. प्रमाणपत्रांचा कार्डपेपर लेझरमधून काढताना पेपर टाइप "प्लेन" राहिला तर टोनर पक्का बसत नाही, नखाने खरवडला की निघतो. "थिक" निवडलं की यंत्र हळू चालतं आणि अक्षर धरतं. इंकजेटचा ग्लॉसी फोटोपेपर मात्र लेझरमध्ये कधीच घालू नका. "ताई, माझाच कागद आहे, यावर काढा ना," असं गिऱ्हाईक म्हणतं, मी ठाम नाही म्हणते. त्याचा थर उष्णतेने वितळून फ्यूजरला चिकटतो, आणि मग फ्यूजर खरोखरच जातो.

इंकटँकला साध्या मजकुरासाठी तोच ७५ चालतो, फक्त हलक्या कागदावर शाई तंतूंमधून पसरते आणि बारीक अक्षर केसाळ दिसतं. ग्लॉसीवर काढलेल्या पासपोर्ट फोटोत तर काळे केसच पुसले जात होते. माझ्या यंत्रात काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आणि रंगीत डायची (विरघळलेल्या रंगाची) आहे. पिगमेंटची काळी ग्लॉसीच्या थरात मुरत नाही, वरच राहते. पेपर टाइप "ग्लॉसी" केला की यंत्र रंगीत शाया मिसळून काळा बनवतं आणि फोटो पुसत नाही. १८० जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी अर्जावर चिकटवायला ठीक. घरात जपून ठेवायचा फोटो असेल तर २७० चा आरसी (रेझिन-कोटेड) घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे आमच्या हवेत तो फुगत नाही.

थर्मल रोलवरच्या पावत्या उजेडाने आणि उष्णतेने उडतात, वॉरंटीचं बिल असेल तर लगेच साधी झेरॉक्स काढून ठेवा.

साठवणीचं म्हणाल तर रिमा जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवत नाही, फळीवर ठेवते. फोडलेली रिम घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते, आणि पावसाळ्यात रात्री लेझरचा ट्रेसुद्धा रिकामा करते. कपाटात बल्ब लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तो मी मानला नाही, कागदाच्या गठ्ठ्याजवळ तापलेला बल्ब मला नको. मे महिन्यात घाऊकवाला जास्त बॉक्सवर सूट देतो, पण यंदा जुलैपर्यंत पुरेल इतकाच माल घेणार आहे. बॉक्सचा एक जरी कोपरा भिजलेला दिसला तरी टेम्पोतूनच परत पाठवीन, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.