पाइनहर्स्टला गेलात तर कुठला मळा बघाल : हॉर्सशू की स्टॅगविल?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला गोल्फ खेळायला एक जण जातो आणि सोबत सगळं घर जातं. 1895 मध्ये जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी वसवलेलं हे गाव देखणं आहे, डोनाल्ड रॉस यांनी आखलेलं 'नंबर टू' हे गोल्फचं मैदान 2024 च्या गोल्फच्या यूएस ओपनमुळे पुन्हा गाजलं. पण न खेळणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न पडतोच. जुना मळा आणि मळेवाल्याचं घर बघायचं ठरवलंत, तर याच राज्यातल्या या दोन सरकारी ऐतिहासिक स्थळांतून निवड करा.

जवळचं म्हणजे 'हाउस इन द हॉर्सशू'. पाइनहर्स्टपासून पाऊण तासाच्या आत, डीप नदीच्या वळणात. फिलिप ऑल्स्टनने 1772 च्या सुमारास बांधलेलं लाकडी घर, दोन्ही टोकांना विटांची भक्कम धुराडी. 1781 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, इंग्रजांच्या बाजूच्या डेव्हिड फॅनिंगच्या टोळीने ते वेढलं. गवताने भरलेली गाडी पेटवून घर जाळायची तयारी झाली, तेव्हा ऑल्स्टनची बायको टेम्परन्स बाहेर आली आणि तिने शरणागतीच्या अटी ठरवल्या. गोळ्यांची भोकं अजून दिसतात. मुलं तिथेच रेंगाळतात. पुढे गव्हर्नर बेंजामिन विल्यम्स यांनी इथे कापूस पिकवला. तो पिकवणाऱ्या गुलामांचं मात्र डोळ्यांना दिसेल असं इथे फारसं उरलेलं नाही.

स्टॅगविलमध्ये नेमकं तेच उरलंय, आणि म्हणून माझं मत स्टॅगविलला. डरहमच्या उत्तरेला असलेला हा बेनेहान-कॅमरन घराण्याचा मळा. 1860 पर्यंत त्यांच्याकडे सुमारे 30,000 एकर जमीन होती आणि जवळपास 900 माणसं गुलामगिरीत होती. मालकाचं 1787 चं घर बेताचंच आहे, ते पटकन बघून पुढे निघा. खरं बघायचं ते हॉर्टन ग्रोव्हमध्ये : 1851 च्या सुमाराची गुलामांची दुमजली घरं. चार खोल्या, आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब. त्या घरांच्या विटांवर, ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे आहेत. ज्यांनी त्या विटा थापल्या, त्यातल्या बहुतेकांची नावंही आपल्याला कळणार नाहीत. जवळच 1860 चं प्रचंड धान्यकोठार आहे, तेही गुलाम सुतारांनीच उभारलेलं. गुलामगिरी संपल्यावरही काही कुटुंबं बटईने शेती करत इथेच राहिली.

अडचण अंतराची. पाइनहर्स्टहून स्टॅगविलला जायला दीड तासाहून जास्त लागतो, त्यामुळे खेळ संपायच्या आत परतणं कठीण. पण तुम्ही राज्याची राजधानी रॅलीजवळच्या कॅरी-मॉरिसविलचे असाल, तर घरून पाऊण तासात पोचता. मग ते गोल्फच्या सहलीत कोंबूच नका, वेगळा दिवस ठेवा. पाइनहर्स्टला असताना अर्धा दिवस मोकळा मिळाला तर हॉर्सशू जरूर करा, तो वाया जात नाही. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर मी त्यांना स्टॅगविललाच नेईन. तिथली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, पण मधलं अंतर गाडीने जाता येतं.

दोन्हीकडे मार्गदर्शकासोबतच फिरा, नाहीतर निम्मं हातून निसटतं. रविवार-सोमवारी सहसा बंद असतं, म्हणून शनिवार धरा आणि निघण्याआधी वेळा तपासा.