जुन्या घराच्या वायरिंगसाठी ३० मिलिअँपियर आरसीसीबी : घ्यावी का?

घ्याच. आरसीसीबी म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. मात्र गोव्यातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात अख्ख्या घराला एकच बसवू नका.

३० मिलिअँपियरची आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपियर गळतीच्या दरम्यान कधीही पडू (ट्रिप होऊन बंद होऊ) शकते. पावसाळ्यात भिंती ओलावतात, प्रत्येक सर्किटची थोडी थोडी गळती साठत जाते आणि ऐन मध्यरात्री सगळं घर अंधारात. म्हणून दोन घ्या, ४० अँपियर, दोन पोलच्या (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या): एकीवर गीझर, पंप, बाहेरचे दिवे, दुसरीवर फ्रिज, पंखे, खोल्या. इन्व्हर्टर एसी असेल तर टाइप ए (डीसीचा अंश असलेली गळतीही ओळखणारी) मागा.

बसवल्याबरोबर पडली तर दोष बहुधा आरसीसीबीचा नसतो. जुन्या वायरिंगमध्ये वेगवेगळ्या सर्किटच्या न्यूट्रल (परतीच्या) तारा एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रत्येक आरसीसीबीला स्वतंत्र न्यूट्रल बार (न्यूट्रल तारा जोडायची पट्टी) हवाच. आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) सर्किटं तपासा. १ मेगओहमच्या खाली वाचन आलं तर ती वायर बदला. दिव्यांना १.५, सॉकेटना २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची.

मर्यादा मोठी आहे: ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट आरसीसीबी थांबवत नाही, त्यासाठी एमसीबी (जादा करंट आला की तोडणारा स्विच) लागतेच. आणि अर्थिंग नसेल तर गीझरच्या अंगाला आलेली गळती माणूस हात लावेपर्यंत हिला कळत नाही. उन्हाळ्यात जांभ्या जमिनीतला ओलावा आटतो, अर्थपिटात (अर्थिंगच्या खड्ड्यात) पाणी घालत राहा.

किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने टर्मिनल गंजतात. झाकणबंद बोर्ड घ्या, दर महिन्याला टेस्ट बटण दाबा.