बंदिस्त तलाव की उघडा: श्वासाच्या बाजूने पाहताना

सहा वर्षं मी छपराखालच्या तलावात पोहलो, गेली तीन वर्षं उघड्यावर पोहतोय. या दोहोंपैकी कुठलं सदस्यत्व घ्यावं या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांबी, खोली, लेन किती, हे तुम्ही पाहिलंच असेल. मी हवेबद्दलच बोलणार आहे.

बंदिस्त तलावाच्या बाजूने बरंच सांगता येईल. पाणी कायम कोमट, पावसाथंडीत खाडा नाही, उन्हाने पाठ भाजत नाही. धावताना कोरड्या, गार हवेने श्वासनलिका आवळते, तसं पाण्यालगतच्या उबदार दमट हवेत होत नाही. म्हणून दमा असलेल्यांनाही पोहायला सांगतात. सरावात सातत्य हवं असेल तर छप्पर कामाचं आहे, हे मी आजही मान्य करतो.

तरी मी तिथून बाहेर पडलो, तो एका खोकल्यामुळे. संध्याकाळी मुलांची बॅच नुकतीच आटोपलेली असायची आणि विसाव्या फेरीच्या आसपास घशात खवखव सुरू व्हायची. खोल श्वास घ्यायला जावं तर तो मध्येच अडकायचा, ठसका यायचा. रात्री अंथरुणावर पडलं की कोरडी ढास. मला वाटलं दम कमी पडतोय, म्हणून आणखी जोर लावला, त्रास वाढला. मग सुट्टीत दहा दिवस उघड्या तलावात पोहलो. फेऱ्या तेवढ्याच, वेगही तोच, पण खोकला नाही. परत आत गेलो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याला मोजमाप म्हणता येणार नाही, पण मला तेवढं पुरलं.

तलावाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो सहसा नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या युरियाशी क्लोरीनची क्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास मुख्यतः त्यांचा. त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात फार टिकत नाही. पाणी घुसळलं गेलं की ते हवेत येतं आणि ताजी हवा खेळती नसेल तर पाण्यालगतच साठून राहतं. पोहणारा श्वास घेतो तो नेमका तिथेच. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा पुरते, जोरात पोहणाऱ्याला त्याच्या दहापट लागू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये बंदिस्त तलावांच्या हवेसाठी घनमीटरला 0.5 मिलिग्रॅम अशी तात्पुरती मर्यादा सुचवली, ती याच वायूचा विचार करून.

उघड्यावरही हे तयार होतं, पण वारा ते घेऊन जातो. बंदिस्त जागेत बाहेरची हवा आत घ्यायची तर ती गरम करावी लागते, त्याला खर्च येतो, म्हणून आतलीच हवा फिरवत ठेवली जाते. माझं घोडं इथेच अडलं.

उघड्या तलावातही सगळं सुखाचं नाही. विजा चमकल्या की बाहेर निघावं लागतं, पाण्यात पाला असतो, पहिल्या दोन फेऱ्या हुडहुडीत जातात. हवेत धूर भरलेला असेल त्या दिवशी मी पोहत नाही. परागकणांचा त्रास असणाऱ्यांचं उत्तर कदाचित माझ्यापेक्षा वेगळं येईल.

सगळेच बंदिस्त तलाव सारखे नसतात. पाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया आणि पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ सक्तीची, अशा एका ठिकाणी मला काहीच त्रास झाला नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी गर्दीच्या वेळी जाऊन या. दारातला पहिला श्वास लक्षात ठेवा, कारण नाक त्या वासाला लवकर सरावतं. पाण्यात संयुक्त क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइनमध्ये अडकलेलं क्लोरीन, किती असतं तेही विचारा. जर्मनीच्या मानकात ते लिटरला 0.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘आमचं पाणी मिठाचं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, तिथेही मिठापासून विजेने क्लोरीनच बनवतात. आणि खोकला हटत नसेल तर तलाव बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

कडाक्याच्या थंडीत मी अजूनही अधूनमधून आत जातो, गर्दी नसेल तेव्हा. मुलीला पोहायला शिकवायची वेळ आली तेव्हा मात्र तिला उघड्या तलावातच घातलं.