हवेवाला जी-सूट: पाचपैकी चार स्टार

एक स्टार कापला तो फिटिंगपायी, बाकी तक्रार नाही. लढाऊ विमानात बसताना ओव्हरॉलवर चढवायची चेन आणि लेसवाली पँट आहे ही, गुडघे आणि बूड उघडं, आत पाच फुगे म्हणजे एक पोटावर, दोन मांड्यांवर, दोन पोटऱ्यांवर. डावीकडची नळी कॉकपिटमधल्या व्हॉल्व्हला जोडायची, विमान जोरात वळलं की साधारण २ जीला (म्हणजे अंगावर आपल्या वजनाच्या दुप्पट भार आला की) फुग्यांत हवा शिरते आणि बीपी मोजताना दंडावरचा पट्टा फुगतो तसं कंबरेखालचं सगळं एकदम आवळलं जातं, का तर रक्त पायात उतरू नये. ते उतरलं की आधी रंग फिके होतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख आणि मग माणूसच बंद, शुद्ध आली तरी काही सेकंद आपण कुठे आहोत ते कळत नाही.

आता लेस. सैल राहिली तर हवा नुसती फुगा भरण्यात जाते, पाय आवळतच नाहीत, त्यामुळे सेफ्टी सेक्शनमधल्या (वैमानिकांचे सूट वगैरे सांभाळणाऱ्या विभागातल्या) माणसाला बसवून नीट बांधून घ्या, वजन कमीजास्त झालं की परत. शिलाई बसण्याच्या हिशोबाने असल्यामुळे विमानापर्यंत गुडघे वाकवून चालावं लागतं, कोण काय म्हणेल बघू नका 😄

सूट घातला की ९ जी आरामात झेपतात हा मात्र निव्वळ गैरसमज. नुसत्या सुटाने आपल्या सहनशक्तीत १ ते १.५ जीची भर पडते, बस्स. बाकी मांड्या, बूड, पोट कचकचून आवळायचं आणि दर तीनेक सेकंदांनी झटक्यात श्वास घ्यायचा, ते तुम्हालाच करायचंय, कारण ९ जीला ७० किलोचा माणूस ६३० किलोचा होतो राव. आपल्या तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील २००९ ला चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोहगावहून सुखोईत गेल्या तेव्हा त्यांनीही जी-सूट घातला होता, पण तशा निवांत फ्लाईटमध्ये तो बहुतेक फुगतही नाही.

दुसऱ्या महायुद्धात टोरंटोच्या विल्बर फ्रँक्सने पाणी भरलेला सूट केला होता, त्याला व्हॉल्व्हच लागत नाही, पण तेवढं पाणी अंगावर घेऊन वावरणार कोण? हवेवालाच बरा.

उन्हाळ्यात घाम जाम येतो. उघड्या भागांवर, हातावर वगैरे लाल पुरळासारखे ठिपके उठतात, घाबरू नका, आपोआप जातात. विमान धावपट्टीकडे न्यायला लागण्याआधी टेस्ट बटण दाबून पाचही फुगे भरतायत का बघा, आणि उड्डाणाआधी राजमा नको, पोटावरचा फुगा कुणाचीच भीड ठेवत नाही.