याग-स्पिनेल की हाय-एन्ट्रॉपी? पारदर्शक सिरॅमिकवर पीएचडी करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात एमएस्सी झालं, पेटचा (पीएचडी प्रवेश परीक्षेचा) अडथळाही पार झाला आणि पारदर्शक सिरॅमिकवर काम करायचंय, तर गाईडपुढे दोन विषय ठेवता येतात. एक तावून सुलाखून निघालेला: याग (इट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट) किंवा स्पिनेल (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम ऑक्साइड). दुसरा ताजा: हाय-एन्ट्रॉपी, म्हणजे पाचेक धातू साधारण समप्रमाणात एकाच स्फटिकजालात बसवलेलं सिरॅमिक. माझं मत आधीच सांगतो. सूत्र बघून विषय ठरवू नका, भट्टी बघून ठरवा.

सिरॅमिक पांढरंफटक दिसतं ते मुख्यतः आतल्या छिद्रांमुळे. शिरोलीच्या फाउंड्रीत एखादं बारीक ब्लोहोल कास्टिंगच्या पोटात खपून जाईलही. इथे छिद्रांचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली न्यावं लागतं, नाहीतर प्रकाश विखुरतो. जपानमध्ये इकेसुए यांनी १९९५ मध्ये निओडिमियम-यागच्या सिरॅमिकमधून चांगला लेसर मिळवून दाखवला, त्यामागे व्हॅक्यूम भट्टीतलं १७५० अंशांच्या घरातलं सिंटरिंग (पावडर न वितळवता तापवून घट्ट करणं) होतं. हवेत तापवणाऱ्या साध्या मफल फर्नेसमधून दोन्ही विषयांत खडूसारखी पेलेटच बाहेर येईल. एन्ट्रॉपी, म्हणजे इतके धातू मिसळल्याने येणारी अव्यवस्था, छिद्रं बुजवत नाही.

मग ती करते काय? स्फटिक क्युबिक (सगळ्या दिशांना सारखा) ठेवायला मदत करते, आणि हा फायदा खरा आहे. क्युबिक नसलेल्या स्फटिकात दिशेनुसार अपवर्तनांक बदलतो, त्यामुळे कणाकणाच्या सीमेवर प्रकाश वळतो. नुसतं गॅडोलिनियम ऑक्साइड १२०० अंशांच्या आसपास क्युबिक रचना सोडतं. लुटेशियम, इट्रियमसारख्या लहान आयनांच्या सोबतीत ते टिकवता येतं.

पण पाच धातू निवडायला बसलात की यादी भराभर आखडते. २०१५ साली गाजलेल्या पहिल्या हाय-एन्ट्रॉपी ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम, कोबाल्ट, निकेल, तांबं आणि जस्त होतं. कोबाल्ट, निकेल, तांबं दृश्य प्रकाश शोषतात, म्हणजे ऑप्टिक्सला ते बाद. मग वळावं लागतं दुर्मिळ मृदा धातूंकडे, आणि त्यांत मुख्यतः उरतात लॅन्थेनम, गॅडोलिनियम, इट्रियम, लुटेशियम आणि इटर्बियम (हा अवरक्तात शोषतो, दृश्य प्रकाशाला मात्र वाट देतो). लुटेशियम महाग, शिवाय एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यात-नियंत्रण लावलेल्या धातूंत लुटेशियम, गॅडोलिनियम आणि इट्रियमही होते. म्हणजे यागही यातून सुटत नाही. स्पिनेलला मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम पुरतं.

उष्णतेचा हिशोब तर निर्णायक आहे. वेगवेगळ्या वस्तुमानाचे, आकाराचे आयन एकत्र आले की फोनॉन (स्फटिकात उष्णता वाहून नेणारी कंपनं) अडखळतात आणि उष्णता नीट वाहत नाही. यागची उष्णतावाहकता साधारण १० वॅट प्रति मीटर-केल्विन, दुर्मिळ मृदा झिर्कोनेटांची (या धातूंच्या झिर्कोनियमसोबतच्या ऑक्साइडांची) २ च्या आसपास. टर्बाइनच्या लेपाला हा गुण, उच्च शक्तीच्या लेसरला दोष. उलट याच अव्यवस्थेमुळे उत्सर्जनाचा पट्टा रुंदावतो आणि अतिलघू पल्सच्या लेसरला तेच हवं असतं. तेव्हा ‘लेसर मटेरियल’ एवढंच लिहिलेल्या प्रस्तावाला अर्थ नाही. कुठला लेसर ते लिहा.

पेपर वाचताना पारगम्यतेचे (किती टक्के प्रकाश आरपार जातो त्याचे) आकडे सरळ शेजारी ठेवू नका. पृष्ठभागावरच्या परावर्तनामुळे स्पिनेलची कमाल मर्यादा ८७ टक्क्यांच्या जवळ, यागची ८४ आणि २.१ अपवर्तनांकाच्या झिर्कोनेटची ७८ टक्क्यांच्या आत असते. झिर्कोनेटचे ७५ टक्के म्हणजे उत्तम काम, स्पिनेलचे ७५ म्हणजे कुठेतरी छिद्रं राहिली. नमुन्याची जाडीही बघा. अर्ध्या मिलिमीटरची चकती कुणालाही छान दिसते. जास्त अपवर्तनांक लेन्सला मात्र कामाचा, कारण लेन्स पातळ करता येते.

कोल्हापुरात पावडर बनवणं, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) काढणं जमेल. पुढच्या सिंटरिंगसाठी हैदराबादची एआरसीआय किंवा इंदूरची आरआरकॅट अशा संस्थांचं दार ठोठावावं लागेल, तेही नोंदणीआधी. स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (दाब आणि वीजप्रवाह देऊन केलेलं) मिळत असेल तर झटपट होतं, पण ग्राफाइटच्या साच्यातला कार्बन शिरून नमुना काळवंडतो, मग हवेत ॲनीलिंग करत, म्हणजे पुन्हा तापवत बसा.

भट्टीची खात्री असेल आणि संशोधनातच पुढे जायचं असेल तर हाय-एन्ट्रॉपी घ्या. प्रश्न अजून भरपूर मोकळे आहेत. खात्री आहे, पण हात बसवायचाय, तर स्पिनेल. आणि भट्टीबद्दल गाईडकडून नुसतं ‘बघू’ ऐकू आलं, तर हाय-एन्ट्रॉपी फेराइट (चुंबकीय लोह-ऑक्साइड) किंवा फॉस्फरची (प्रकाश देणाऱ्या पदार्थाची) पावडर निवडा. तिथे पारदर्शकतेची अट नाही आणि मफल फर्नेसवर भागतं.